चीफकाकांचे गिअर

सिंगापुरातल्या पासिर रिसच्या आमच्या ब्लॉकमध्ये एकही यंत्र चीफकाकांना विचारल्याशिवाय बिघडत नसे. बाराव्या मजल्यावरच्या चिनी आजींचं वॉशिंग मशीन, खालच्या किराणा दुकानातला आइस्क्रीमचा फ्रीझर, दोन लिफ्टांपैकी डावीकडची लिफ्ट, ही सगळी मंडळी आधी चीफकाकांच्या कानावर आपलं दुखणं घालत आणि मगच बंद पडत. कानावर म्हणजे अगदी कानावर. हातभर लांबीचा एक स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या पिशवीत कायम असे. त्याचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानामागच्या हाडावर टेकवायची, डोळे मिटायचे आणि डॉक्टर छातीतली घरघर ऐकतात तसं ऐकत राहायचं. एकदा सकाळच्या गर्दीत लिफ्टमध्ये त्यांनी हा प्रकार केला. ऑफिसला निघालेली आठ माणसं श्वास रोखून उभी. नवव्या मजल्यापासून तळापर्यंत ऐकून झाल्यावर काकांनी डोळे उघडले आणि शांतपणे म्हणाले, "मंगळवारपर्यंत चालेल." बुधवारी सकाळी लिफ्ट बंद. तेव्हापासून बाराव्या मजल्यावरच्या आजी त्यांना आपले गुडघेसुद्धा ऐकायला लावायच्या. काका तेही मन लावून ऐकायचे आणि उजव्यात ग्रीस कमी आहे असं सांगायचे.

त्यांचं खरं नाव खाली टपालपेटीवर होतं, पण ते वापरायची वेळ कधी कुणावर आली नाही. देवगडजवळच्या एका वाडीतला जन्म, मग तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या पोटात, त्यातली शेवटची बारा चीफ इंजिनियर म्हणून, आणि त्यानंतर सिंगापूरच्या एका जहाज कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी. बंदरात आलेल्या जहाजांची इंजिनं तपासायची आणि तिथल्या पोरांना झापायचं, एवढं काम. जहाज सुटलं तरी जहाजाच्या सवयी सुटल्या नव्हत्या. ब्लॉकखालच्या कारपार्कमधून जाताना ते प्रत्येक गाडीच्या बॉनेटला उलटा हात लावत जायचे. तळव्याने नाही, मागच्या बाजूने. इंजिनरूममध्ये बेअरिंग तापलंय का हे असंच बघतात म्हणे, कारण चटका बसलाच तर तळवा तरी शाबूत राहतो. त्या एका हातावर कोण किती वाजता घरी आलं याचा सगळा हिशेब त्यांच्याकडे असे. सातव्या मजल्यावरचा मलय शेजारी ऑफिसातून थेट घरी आलो असं बायकोला सांगत होता तेव्हा काकांनी मध्येच, गाडी दोन तास थंड आहे, अशी माहिती पुरवली होती. तो शेजारी नंतर वर्षभर पायऱ्यांनी जायचा.

दुसरी सवय हुकमाची. जहाजावर कुणी कुणाला काही करायला सांगितलं, की ऐकणाऱ्याने तो हुकूम मोठ्याने परत म्हणायचा, सांगणाऱ्याने "ठीक" म्हणायचं, आणि मगच हात हलवायचा. इंजिनाच्या गोंगाटात चुकीचं ऐकलं तर कुणाची तरी बोटं जातात, म्हणून हा नियम. काकांनी तो पासिर रिसमध्येही चालू ठेवला होता. काकूंनी स्वयंपाकघरातून "अहो, दूध बंद करा" म्हटलं, की काका "दूध बंद करतोय" म्हणायचे आणि काकूंच्या "ठीक"ची वाट बघत गॅससमोर उभे राहायचे. काकू बाल्कनीत कपडे वाळत घालत असतील तर दूध उतू जायचं. पण नियम मोडायचा नाही. हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मोठ्या शेडमधल्या, कॉफीवाल्या अंकललाही त्यांनी हे शिकवलं होतं. "एक कोपी, साखर कमी," असं सांगून ते काउंटरवर तसेच उभे राहायचे. तो परत म्हणेपर्यंत पैसे द्यायचे नाहीत. सुरुवातीला अंकल वैतागायचा. पुढे पुढे काका लांबून दिसले की तोच, इथल्या बोलीतलं 'लाह' शेवटी जोडून, ओरडायचा, "वन कोपी, लेस शुगर, ठीक लाह," आणि काकांचा चेहरा एकदम उजळायचा.

तिसरी सवय मला फार उशिरा कळली, म्हणजे दिसत रोज होती, पण कळली नव्हती. काकूंबरोबर बसमध्ये, एमआरटी मेट्रोमध्ये, टॅक्सीत, कुठेही बसायचं झालं की काका नेहमी त्यांच्या उजव्या बाजूला. जागा उलटी मिळाली तर अनोळखी माणसाला उठवून, हात जोडून, अदलाबदल करून घ्यायचे. एकदा तर एका शाळकरी मुलाला त्यासाठी त्यांनी चॉकलेट दिलं. मी याची नोंद बाकीच्या विक्षिप्तपणाबरोबर करून टाकली आणि पुढे गेले.

आता माझं सांगते, कारण या माणसावर माझा राग का आहे ते त्याशिवाय कळणार नाही. मी मिरजेची. आई बाजारात बांगड्या विकायची, वडिलांचा टेम्पो होता. बांगड्यांचा भाव करत मी मोठी झाले आणि आता चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या खरेदी विभागात तेच करते, फक्त बांगड्यांच्या जागी खुर्च्या आणि कॉम्प्युटर असतात. समोरचा विक्रेता किंमत सांगतो आणि मी त्याच्याकडे नुसती बघते. बहुतेकदा तेवढं पुरतं. नाही पुरलं तर मी चिडते, आणि मग नक्की पुरतं. कॉलेजात असताना वडिलांच्या टेम्पोत पोती मी चढवायचे आणि स्टिअरिंगवर धाकटा भाऊ बसायचा. मला शिकवा म्हटलं तर वडील म्हणाले, गिअर मुलींच्या हातातली गोष्ट नाही. वडील गेले, टेम्पो गेला, पण ते वाक्य माझ्याकडे राहिलं. त्यामुळे सदतिसाव्या वर्षी मी इथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालायला गेले आणि काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे एकदाच बघून ऑटोमॅटिकचा फॉर्म पुढे सरकवला, "फॉर लेडीज इझियर लाह" म्हणत, तेव्हा माझ्या डोक्यात काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

तरीही तो फॉर्म मी घरी आणला. मी व्यवहारी बाई आहे. मॅन्युअलच्या लायसन्सवर दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवता येतात आणि ऑटोमॅटिकच्या लायसन्सवर फक्त ऑटोमॅटिक, हे खरं. पण मॅन्युअलला शिकवण्या जास्त, नापास होणारे जास्त, आणि रस्त्यावर तर सगळ्या गाड्या ऑटोमॅटिकच. त्यात इथे गाडी विकत घ्यायची तर नुसत्या ती ठेवण्याच्या परवान्याच्या पैशांत आमच्याकडे बंगला उठतो. मी काही गाडी घेणार नव्हते. कधीतरी एखाद्या दिवशी भाड्याने घ्यायची, एवढंच. सगळं गणित ऑटोमॅटिककडे झुकत होतं, आणि मी सही करणार एवढ्यात उसना मिक्सर परत द्यायला चीफकाका आले.

त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि परत वाचला. मग खुर्ची ओढून त्यांनी जे व्याख्यान दिलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. ऑटोमॅटिक गाडी चालवणं म्हणजे लिफ्टचं बटण दाबणं, लिफ्टमन स्वतःला इंजिनियर म्हणवतो का. गिअर बदलताना इंजिन आपल्याशी बोलतं, आणि ज्याच्याशी आपण बोलत नाही ते ऐन वेळी आपल्याला दगा देतं. घाटात उतरताना नुसत्या ब्रेकवर गाडी सोडणारा माणूस एक तर मूर्ख असतो किंवा थोड्याच वेळात मयत. शेवटी मला एवढंच म्हणाले, "गो बाय, तू आयुष्यात कुणाला तुझ्यासाठी भाव ठरवू दिलास? मग गिअर कसा ठरवू देतेस?"

संपलं. मी तो फॉर्म चार तुकडे करून टाकला. दुसऱ्या दिवशी मॅन्युअलचा भरला आणि ऑफिसातल्या सगळ्यांना जेवणाच्या सुट्टीत सांगून टाकलं. वर काका म्हणाले की त्यांनीही नाव घातलंय, आपण एकदमच पास होऊ. एकसष्टाव्या वर्षी. कारण तीस वर्षं तीन मजली उंचीची इंजिनं चालवणाऱ्या या माणसाला साधी मोटार चालवता येत नव्हती. जहाजावर असताना शिकायला लागणारे सलग महिने त्याला कधी जमिनीवर मिळालेच नव्हते, आणि किनाऱ्यावर आल्यावर ते राहूनच गेलं होतं.

आणि आता त्याला ते लायसन्स हवंच होतं. त्यांच्या हॉलमध्ये एक जुनं कॅलेंडर होतं, वर्ष केव्हाच उलटून गेलेलं. जहाजाला सामान पुरवणाऱ्या कुणी तरी कधी काळी दिलेलं. त्यावर मलेशियातल्या डोंगरांवरचे चहाचे मळे होते. लग्नानंतर पहिल्यांदा जहाजावर जाताना काकांनी काकूंना शब्द दिला होता, परत आलो की गाडी शिकतो आणि तुला घेऊन लांब कुठे तरी डोंगरावर जातो. परत आले ते तीन महिन्यांच्या सुट्टीवर, त्यात घराची कौलं बदलली. पुढच्या सुट्टीत मुलगी झाली. असं करत सगळ्या सुट्ट्या गेल्या, मुलगी लग्न होऊन कॅनडाला गेली, आणि आता नोकरीचं शेवटचं वर्ष उरलं होतं. डिसेंबरअखेर इथे कामाला राहायचा पास संपणार, गाशा गुंडाळून देवगड. त्याच्या आत एकदा, फक्त एकदा, काकूंना शेजारी बसवून स्वतः गाडी चालवत त्या कॅलेंडरमधल्या डोंगरावर जायचं होतं. काकू मात्र हे ऐकून पदर सावरत म्हणायच्या, "यांचं आपलं काही तरी. बस जाते की तिथे." पण कॅलेंडर त्यांनी कधी काढलं नव्हतं.

मग सुरू झाली आमची शिकवणी. स्कूलमधल्या तासांवर काकांचा विश्वास नव्हता. खरं इंजिन हातात येण्याआधी शरीराला सवय हवी, म्हणून दर शनिवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात एक गाडी उभी राहायची. खुर्ची ही सीट. काकूंची चप्पल म्हणजे क्लच, काकांचा जहाजावरचा जड बूट म्हणजे ब्रेक, भांडी घासायचा स्पंज म्हणजे ॲक्सिलरेटर. तुपाच्या डब्यात तांदूळ भरून त्यात खोचलेलं लाटणं हा गिअर. गिअर नीट बसला की तांदूळ एका विशिष्ट आवाजात सरकायचे, आणि तो आवाज आल्याशिवाय काका पुढे जाऊ द्यायचे नाहीत. मागे फोडणीचा धूर, आणि काकू पादचारी. त्या हातात उलथनं घेऊन कधीही, कुठल्याही बाजूने मध्ये यायच्या आणि मी ब्रेक दाबला नाही तर उलथनं माझ्या खांद्यावर पडायचं. "मेले की मी," म्हणायच्या आणि कोथिंबीरवडी उलटायला जायच्या.

"दुसरा," काका म्हणायचे. "दुसरा टाकते," मी म्हणायचे. "ठीक," काका म्हणायचे, आणि मग मी लाटणं ओढायचे. "डावीकडे." "डावीकडे वळते." "ठीक." असे आठ-दहा शनिवार. शिवाय डोळे मिटून ऐकायचा अभ्यास. क्लच सोडताना इंजिनाचा सूर कुठे बदलतो ते डोळ्यांना नाही, कानाला कळतं, म्हणून चढावर गाडी उभी असली की डोळे मिटून ऐकायचं, सूर खाली उतरला की हँडब्रेक सोडायचा. इंजिनाचा आवाज काका स्वतः तोंडाने काढायचे. इतका हुबेहूब, की मला त्या खुर्चीवर गाडी लागायची. मी वाघासारखी तयार झाले होते. जगातल्या कुठल्याही तांदळाच्या डब्याला मी चौथ्या गिअरमध्ये नेलं असतं.

पहिल्या टेस्टला परीक्षक म्हणून एक सडपातळ, न हसणारे गृहस्थ शेजारी बसले. पहिल्या चौकात त्यांनी उजवीकडे वळायला सांगितलं. मी खणखणीत आवाजात म्हटलं की उजवीकडे वळते, आणि थांबले. सिग्नल हिरवा होता. ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. ते "ठीक" म्हणेनात. मला वाटलं यांनी ऐकलं नसेल, म्हणून पुन्हा, जास्त मोठ्याने म्हटलं. मागे बस, बसच्या मागे दुसरी बस, दोघींचे हॉर्न. सिग्नल लाल झाला. असं तीन चौकांत झाल्यावर त्या गृहस्थांनी वहीत बराच वेळ काही तरी लिहिलं आणि मला विचारलं की मला ऐकायला कमी येतं का.

दुसऱ्या टेस्टला मी तोंड घट्ट मिटून बसले. सगळं सुरळीत चाललं होतं. मग आला चढ. मी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि सवयीने डोळे मिटले. पण खऱ्या गाडीचं इंजिन काकांच्या तोंडासारखं वाजत नाही. ते फारच हळू बोलतं. मी सूर शोधत राहिले. शेवटी मला तो सापडला असं वाटलं, मी हँडब्रेक सोडला, आणि डोळे उघडले तेव्हा गाडी मागे घसरत होती आणि परीक्षकबाईंचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर होता. त्यांनी मला गाडी चालवताना झोप येण्याचा आजार आहे का असं विचारलं.

ऑफिसात मला रोज कुणी तरी लायसन्सचं विचारत होतं. मी रोज कुणावर तरी चिडत होते. काका मात्र प्रत्येक नापासानंतर शांतपणे कारण शोधायचे आणि दोष परीक्षकांच्या शिस्तीत काढायचे. त्यांच्या स्वतःच्या टेस्टचं विचारलं की म्हणायचे, आहे, आहे, तारीख मिळायचीय. ऑक्टोबर उजाडला होता.

त्या शनिवारी मी तिसऱ्या टेस्टआधीच्या तासाला स्कूलमध्ये गेले. मॅन्युअल गाड्या एका रांगेत, ऑटोमॅटिक दुसऱ्या रांगेत, मध्ये शेड. माझी गाडी यायची होती म्हणून मी उभी होते. पलीकडच्या रांगेत, ऑटोमॅटिकच्या, कुणी तरी एका गाडीजवळ गेलं, वाकलं, आणि बॉनेटला उलटा हात लावला.

एवढ्या लांबून चेहरा दिसायची गरजच नव्हती. अख्ख्या सिंगापुरात असा हात लावणारा एकच माणूस होता. तो दार उघडून आत बसला, शेजारच्या इन्स्ट्रक्टरने काही सांगितलं, याचे ओठ हलले, इन्स्ट्रक्टरचे ओठ हलले, आणि गाडी निघाली. त्या बिचाऱ्यालाही "ठीक" म्हणायला शिकवून झालं होतं. गाडी मऊसूत वळून गेली. एकही धक्का नाही. कुठून बसणार? गिअरच नव्हता.

माझं डोकं असं फिरलं की मी माझा तास सोडून दिला. दोनदा नापास झालेली मी, ऑफिसात तोंड लपवून फिरणारी मी, आणि ज्याने माझा फॉर्म फाडायला लावला तो माणूस लिफ्टचं बटण दाबत फिरतोय. मी थेट हॉकर सेंटरमध्ये जाऊन बसले, कारण तासानंतर ते कॉफीला तिथेच येणार हे मला माहीत होतं. आले. मला बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. कॉफीवाल्या अंकलने "लेस शुगर, ठीक लाह" ओरडलं, पण चेहरा उजळला नाही. मी एका दमात सगळं बोलले. मोठमोठे विक्रेते माझ्यापुढे पाणी मागतात, हे तर घरचेच होते. लबाड म्हटलं, ढोंगी म्हटलं, लिफ्टमन म्हटलं. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी नूडल्स खायच्या थांबवल्या. माझा श्वास संपल्यावर काकांनी आपला डावा हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

मग हळूहळू सांगायला लागले. काकूंना गाडीची भीती वाटते. लहानपणी त्यांची बैलगाडी उतारावर उलटली होती, तेव्हापासून. चाकं असलेल्या कशातही बसल्या की त्यांना हात धरायला लागतो, आणि तोही उजव्या हाताने, कारण डाव्या हाताने त्या खिडकीची दांडी धरतात. म्हणून काका नेहमी त्यांच्या उजवीकडे. "तीस वर्षांत तिनं बसनं जेवढा प्रवास केला तो एकटीनं," ते म्हणाले, "डॉक्टरकडे, शाळेत, माहेरी. कुणाचा हात धरत असेल, मी कधी विचारलं नाही." मॅन्युअलच्या चौथ्या तासाला त्यांच्या लक्षात आलं की ड्रायव्हर उजवीकडे बसतो, बायको डावीकडे, आणि मध्ये जो हात आहे तो गिअरवर. चढावर, वळणावर, घाटात, नेमका जिथे तिला हवा तिथेच तो हात कामात. त्यांनी दोन रात्री विचार केला आणि जाऊन फॉर्म बदलून आले.

"मग मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. राग अजून होता, पण त्याला धरायला काही मिळत नव्हतं.

"तू नापास झालीस गो पहिल्यांदा, त्याच आठवड्यात," ते म्हणाले. "कुठल्या तोंडानं सांगू? आणि मी म्हटलं होतं ते खोटं नाही. गाडी म्हणजे मॅन्युअलच. मी चालवतोय ती गाडी नव्हे. ती बसायची सोय आहे."

मी त्यांना माफ केलं नाही. अजूनही पूर्ण केलेलं नाही. दोन टेस्ट म्हणजे दोन टेस्ट. पण त्यांची कोपी गार झाली होती म्हणून दुसरी मागवली, आणि पुढच्या शनिवारी स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांना सांगितलं की आता हुकूम नाहीत, डोळे मिटणं नाही, फक्त तांदळाचा आवाज. तिसऱ्या टेस्टला चढावर मी डोळे इतके उघडे ठेवले की त्यात पाणी आलं. गाडी पुढे गेली. परीक्षकांनी कागदावर सही केली तेव्हा मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. सवयच ती. त्यांना वाटलं मी आणखी काही तरी मागतेय. त्यानंतर आठच दिवसांनी काका पहिल्याच फटक्यात ऑटोमॅटिक पास झाले. ऑफिसात मी पेढे वाटले आणि काउंटरवरच्या त्या मुलीलाही मुद्दाम जाऊन एक दिला. तिला काहीच आठवत नव्हतं. तिने पेढा खाल्ला आणि "नाइस" म्हणाली.

खरा अडथळा पुढेच होता. नव्या लायसन्सवाल्याला गाडी भाड्याने देईल असा दुकानदार मिळेना. त्यात वय एकसष्ट आणि जायचं मलेशियात, घाटात. सहा ठिकाणी नकार मिळाला. काकांनी स्क्रू ड्रायव्हर पिशवीत ठेवून दिला. नोव्हेंबर संपत आला होता, आणि काकू दिवसातून दोनदा म्हणायला लागल्या होत्या, बस जाते की. त्यांच्या या म्हणण्याचा मला इतका राग आला की मी ऑफिसला सुट्टी टाकली, काकांना घेतलं आणि उबी भागातल्या, गाड्या भाड्याने देणाऱ्या एका छोट्या दुकानदाराकडे गेले. गल्ल्यावर साठीचा चिनी अंकल, पंख्याखाली बनियनवर. तो म्हणाला कॅनॉट. मी खुर्ची ओढली. तो म्हणाला इन्शुरन्स कॅनॉट. मी त्याच्याकडे बघत बसले. अर्ध्या तासाने तो म्हणाला की ठेव दुप्पट. मी म्हटलं ठेव कशाला, त्याच्या दाराशी उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या गाडीचं जे दुखणं त्याला कळत नाहीये ते आम्ही आत्ता सांगतो. हे मी निव्वळ हवेत मारलं होतं. पण काका तोवर तिथे पोचले होते. बॉनेटवर उलटा हात, मग स्क्रू ड्रायव्हर, मग मिटलेले डोळे. दुकानातला मेकॅनिकही बाहेर आला. काकांनी सांगितलं की पाण्याच्या पंपाचं बेअरिंग, फार तर दोन आठवडे. मेकॅनिकने झाकण उघडलं, पंपाचं चाक हाताने हलवून बघितलं आणि अंकलला त्यांच्या भाषेत काही तरी म्हणाला. अंकलने काकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कॅन लाह," तो म्हणाला. "बट शी डोंट कम अगेन."

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी सातला अख्खा ब्लॉक कारपार्कमध्ये जमला होता. काचेवर नव्या ड्रायव्हरचा नारिंगी त्रिकोण. बाराव्या मजल्यावरच्या आजींनी संत्री दिली, सातव्या मजल्यावरचा मलय शेजारी माफ केल्यासारखा हसला. काकूंनी नवी साडी नेसली होती आणि त्या गाडीकडे बैलाकडे बघावं तशा बघत होत्या. बसल्या. डाव्या हाताने दांडी धरली. उजवा हात पुढे आला. आम्ही सगळे बघत होतो म्हणून की काय, काकांनी क्षणभर इकडे तिकडे पाहिलं आणि मग हात दिला. कारपार्कमधून बाहेर पडताना मात्र दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, मी नीट बघितलं.

रविवारी परत आले. घाट कसा होता, हात सुटला की नाही, असं मी काकूंना बाजूला घेऊन विचारलं. काकू चहाची पुडी माझ्या हातात ठेवत म्हणाल्या, "मी कुठली घाबरतेय. वर वळणं लागली तशी यांचाच हात गार पडला. मी उलटा हात लावून बघितला की."

वर्षअखेरीला ते निघाले. विमानतळावर मी सोडणार, हे ठरलेलं होतं. आधीच सांगून टाकलं होतं मी, भांडणाला जागाच ठेवली नव्हती. गाडी त्याच अंकलकडून घेतली. मॅन्युअल द्या म्हणून तासभर भांडले, पण अख्ख्या बेटावर त्याला भाड्याची मॅन्युअल मोटार माहीत नव्हती. म्हणून ज्या लायसन्ससाठी मी तीनदा परीक्षा दिली त्यावर पहिली गाडी चालवली ती ऑटोमॅटिक. पुढच्या सीटवर बसा म्हटलं तर काका तयार नव्हते. मागे बसले, काकूंच्या उजवीकडे. पासिर रिसपासून चांगी विमानतळ म्हणजे पंधरा मिनिटं. मी समुद्राकडच्या लांब, सरळ रस्त्याने नेलं, धावपट्टीच्या कडेने, उगाच वेळ काढत. मग मागून आवाज आला, "दुसरा."

"दुसरा टाकते," मी म्हटलं.

"ठीक."

"तिसरा." "तिसरा टाकते." "ठीक." गाडी आपली आपण जी काही चालायची ती चालत होती. काकू खुदकन हसल्या. टर्मिनलपर्यंत आम्ही पाचव्यात गेलो, मग एक एक करत खाली आलो, आणि न्यूट्रलला काका म्हणाले, "बाय, उतरव आता."

परत येताना तोच रस्ता घेतला. एका चौकात सिग्नलला थांबले. हिरवा झाला. "पहिला टाकते," मी मोठ्याने म्हटलं आणि थांबून राहिले. मागच्या टॅक्सीने हॉर्न दिला तेव्हा निघाले. डावा हात बाजूच्या रिकाम्या सीटवर तसाच पडून होता.